कुऱ्हाड जप्त, आरागिरणी चालू



औंदा माळेगावच्या यात्रेला आपल्या गावांतली सात माणसं गेली होती. खंडोबाचं दर्शन हे निमित्त, खरं काम बैल बघायचं. किनवट-माहूरकडून निघून नांदेड ओलांडलं आणि लातूरच्या रस्त्याला लागलं की लोहा लागतं, तिथून पुढं माळेगाव. लोह्याला उतरायचं कारण असं, की आमच्या गुड्यावरचं एक पोरगं तिथं आरागिरणीत कामाला आहे. त्याच्या मायनं भाकरी अन् मोहाचे लाडू बांधून दिले होते. गिरणीचं नाव इथं लिहीत नाही. पोराची रोजी तिथंच आहे, आणि गोष्ट काही एका गिरणीची नाही.

पोरगं बाहेर आलं तेव्हा उजवा हात रुमालात होता. दोन बोटं गेली होती. घरी कळवलं नव्हतं. "मायला सांगू नका," हेच त्याचं पहिलं बोलणं.

आम्ही तिथं तासभर बसलो. गिरणीच्या आवारात सागाचे ओंडके रचलेले होते, प्रत्येकाच्या डोक्यावर जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का. म्हणजे माल कायदेशीर. पास आहे, शिक्का आहे, पावती आहे. आमच्यातल्या एका म्हातारीनं ओंडक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "हे आपल्याच खड्याचं लाकूड दिसतंय बगा. बारीक रेघा हायेत, गोट्यातला साग हाय." तसं खात्रीनं कोणाला सांगता येत नाही. पण लोहा तालुक्यात काय, पलीकडच्या कंधारात काय, रान म्हणावं असं रान नाही. ज्वारी, तूर, कापूस, सोयाबीन आणि बाभळी. तिथं सागाचा ढीग लागलाय तो कुठल्या तरी डोंगरातूनच आलेला असणार, आणि त्या डोंगराच्या पायथ्याला आपल्यासारखीच माणसं राहत असणार.

आता हे वाचून कोणी म्हणेल, यात नवीन काय? लाकूड जंगलातून शहरात जातंच. बरोबर आहे. पण आम्हाला त्या तासाभरात एक गोष्ट नीट दिसली, ती इथं मांडायची आहे. जंगल कोणाचं, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षं विचारतोय. त्याच्या जोडीला मशीन कोणाचं, हेही विचारायला पाहिजे. कारण उभ्या झाडाला बाजारात किंमत नाही, ओंडक्याला थोडी आहे, चिरलेल्या फळीला जास्त आहे, रंधा मारलेल्या चौकटीला त्याहून जास्त, आणि पॉलिश केलेल्या दिवाणाला तर विचारूच नका. ही चढती पायरी जिथं सुरू होते तिथं मशीन बसलेलं आहे. त्या मशीनच्या अलीकडं आपण, पलीकडं पैसा.

आधी पोराच्या हाताचं सांगतो.

गिरणीत तीन मशीन. एक पट्ट्याचा आरा: दोन मोठी चाकं, एक खाली, एक वर, त्यांच्यावर दात्यांचा पट्टा ताणून बसवलेला. ओंडका ट्रॉलीवर ठेवून त्यात ढकलायचा. दुसरं गोल पात्याचं. तिसरं रंधा मशीन, ज्याच्या पोटात पात्यांचा रूळ मिनिटाला हजारो फेरे फिरतो. पोराची बोटं रंध्यानं खाल्ली. आखूड तुकडा होता, हातानंच ढकलला, तुकडा उडाला आणि हात पुढं गेला. आखूड तुकडा हातानं ढकलायचा नसतो, लाकडाच्या दांडीनं ढकलायचा असतो, आणि रुळाच्या ज्या भागावर लाकूड नाही तो भाग झाकणानं बंद ठेवायचा असतो. झाकण कुठाय, आम्ही विचारलं. "कोपऱ्यात पडलंय. त्यानं काम हळू होतं म्हणून काढलंय." गोल पात्याच्या मागं एक पातळ पोलादी पट्टी लागते. चिरलेलं लाकूड मिटून पात्याला चिमटू नये आणि फळी उसळून माणसाच्या पोटात बसू नये यासाठी. ती तर तिथं कधी बसवलीच नव्हती.

कारखाना कायदा १९४८ सालचा. तो २०२५ पर्यंत लागू होता, आणि त्याचं कलम २१ सांगायचं की मशीनचे धोक्याचे भाग झाकलेले असलेच पाहिजेत. पण बारक्या गिरण्या कारखान्याच्या व्याख्येतच बसू नयेत इतकीच माणसं हजेरीवर दाखवायची, ही जुनी युक्ती आहे. कंपनी मशीन विकते तेव्हा झाकण देते, कागद देते, कागदावर हात कापल्याचं चित्रसुद्धा देते. आणि जी मशीनं कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये जोडून स्वस्तात विकतात त्यांच्यासोबत चित्रही येत नाही. झाकण काढणारा मालक, ते न बघणारा निरीक्षक, बिनझाकणाचं मशीन विकणारा दुकानदार. बोटं मात्र एकट्याचीच जातात.

बोटांचा भाव कायद्यानं ठरवलेला आहे हे किती जणांना माहीत आहे? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ सालच्या भरपाई कायद्याच्या मागं एक यादी जोडलेली होती. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. त्या टक्क्यावर, वयावर आणि पगारावर पैसा ठरतो. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्यानं निदान तोंडानं मागितला होता. इथं न मागता घेतात, आणि वर यादीतला भावसुद्धा देत नाहीत. पोराला दवाखान्याचा खर्च मिळाला, आठ दिवसांची हजेरी मिळाली आणि "पुन्हा कामावर ये" असं मोठ्या मनानं सांगितलं गेलं. अपघातापासून दोन वर्षांच्या आत भरपाईचा दावा लावता येतो. हे वाक्य ठळक वाचा आणि गिरणीत, फर्निचरच्या दुकानात कामाला गेलेल्या आपल्या सगळ्या पोरांना सांगा.

आता मशीनच्या भुकेचं.

जुन्या काळी ओंडका चिरायला दोन माणसं लागत. एक वर, एक खाली खड्ड्यात, मध्ये मोठी करवत. वरचा ओढणार, खालचा भुसा खाणार. एक बरा ओंडका चिरायला दिवस जायचा. गावचा सुतार त्यातूनच तिफण, वखर, जू, रुमणं करायचा. बाभूळ, धावडा, तिवस, साग, ज्या कामाला जे लाकूड. त्या हातानं रान संपत नव्हतं. संपवायचं मनात आणलं असतं तरी संपलं नसतं, कारण संध्याकाळ झाली की हात थकायचा. मशीन थकत नाही. पट्ट्याचा आरा दिवसातून तासभर चालवला तर मालकाला परवडत नाही. कर्जाचा हप्ता आहे, विजेचं बिल आहे, माणसं बसून आहेत. म्हणून त्याला ओंडका लागतोच. आज लागतो, उद्या लागतो, पास संपला तरी लागतो. चोरीचा माल आरागिरणीकडंच का जातो, याचं उत्तर ह्या भुकेत आहे. रात्री डोंगरात साग पाडणारा पन्नास-शंभर रुपयांचा मजूर नाकेदाराला सापडतो. ज्याच्या पोटासाठी तो पाडला ते पोट सापडत नाही, कारण त्याच्या दारावर परवान्याची पाटी आहे.

माळेगावला जिल्हा परिषदेचं शेतीचं प्रदर्शन भरतं. तिथल्या मांडवात पेट्रोलची साखळी-करवत ठेवलेली होती. दोरी ओढायची, सुरू करायची, बस. विकणारा सांगत होता, "काका, दहा माणसांचं काम एक माणूस करतो." आमच्यातल्या एकानं विचारलं, "मंग बाकीचे नऊ काय करतेत?" तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळला.

ह्या यंत्रांच्या मागं कोण आहे तेही बघून ठेवू. साखळी-करवतीत मोठं नाव श्टीलचं. आंद्रेआस श्टील नावाच्या माणसानं जर्मनीत श्टुटगार्टला १९२६ साली कंपनी काढली. पहिली करवत विजेवर चालणारी, ४८ किलोची, ती उचलायलाच दोन माणसं लागत. १९५० साली एका माणसाला धरता येईल अशी १६ किलोची आली. आता त्याहून कितीतरी हलकी मिळते. दुसरं नाव स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीचं. ती १६८९ साली सुरू झाली ती बंदुका बनवायला. साखळी-करवत तिनं १९५९ साली काढली. आधी बंदुका, मग करवती. आपल्याकडं उलटं नाही, तोच क्रम आहे: आधी बंदूकवाला येतो, मग करवतवाला.

आणि लाकूडकामाच्या मशीनांची मोठी सुरुवात कुठं झाली? इंग्लंडच्या आरमारात. पोर्ट्समथच्या गोदीत १८०३ ते १८०८ च्या सुमारास मार्क ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरनं जहाजाच्या दोरखंडाला लागणाऱ्या लाकडी कप्प्या बनवायला मशीनांची रांग लावली. ११० कारागिरांचं काम १० माणसं करू लागली. दहाही अशी, की ज्यांना कारागिरी येत नव्हती तरी चालत होतं. त्याच काळात, १८०६ साली, इंग्रजांनी मलबारात कॅप्टन वॉटसन नावाचा अधिकारी नेमला. काम एकच: आरमारासाठी साग ताब्यात घ्यायचा. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडियांनी बांधलेलं सागवानी लढाऊ जहाज, त्रिंकोमाली नाव त्याचं, अजून इंग्लंडात पाण्यावर उभं आहे. साग इतका टिकतो. ज्यांच्या रानातून तो नेला त्यांचं काय टिकलं? तर मशीन आणि जंगलखातं ही दोन भावंडं एकाच वेळी एकाच घरात जन्मली, हे लक्षात असू द्या.

आपल्या मुलखाचं बघा. आपले आजे निजामाच्या राज्यात होते, आदिलाबाद जिल्ह्यात. कुमरं भीमू १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला, तो ह्याच रानासाठी. १९५६ साली किनवट नांदेडला जोडलं गेलं. राज्य बदललं, जिल्हा बदलला, कचेरीतली भाषा बदलली. नाकेदार तोच राहिला. १९२७ च्या जंगल कायद्याचं कलम ५२ उघडून वाचा. गुन्ह्यात वापरलेली हत्यारं, होड्या, गाड्या आणि गुरंसुद्धा जप्त करता येतात. हत्यारं म्हणजे आपली कुऱ्हाड आणि विळा. गाडी म्हणजे बैलगाडी. गुरं म्हणजे ज्यांच्यावर पेरणी अडली ते बैल. आपल्या किती घरांतल्या कुऱ्हाडी नाक्यावर गंजत पडल्यात, आणि पंचनाम्याची नक्कल किती जणांजवळ आहे? कुऱ्हाड म्हणजे आपलं मशीन. ते जप्त. आणि शहरातलं मशीन परवान्यावर.

परवान्याचं नीट समजून घेऊ, कारण इथं आपल्यातलीच काही शहाणी माणसं गोंधळतात. सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात ४ मार्च १९९७ ला हुकूम दिला की महाराष्ट्रातल्या आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या, व्हिनियर आणि प्लायवूडचे कारखाने ताबडतोब बंद करा, आणि नवीन परवाने देऊ नका. पुढं २००२ च्या ऑक्टोबरात देशभरासाठी सांगितलं की केंद्रीय अधिकार समितीच्या परवानगीशिवाय नवीन आरागिरणी नाही. ह्या हुकुमाला आम्ही वाईट म्हणत नाही. तो आला नसता तर आपल्या डोंगरांची आणखी दैना झाली असती, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. पण दार बंद झालं तेव्हा आत कोण होतं आणि बाहेर कोण? आत ठेकेदार, व्यापारी, वखारवाले. बाहेर आपण. ज्याच्याकडं १९९७ च्या आधीचा परवाना त्याचा परवानाच मालमत्ता झाला. जंगलातल्या गावानं उद्या ठराव करून म्हणावं, आम्हाला एक लहान आरा द्या, आम्ही हिशोबानं चालवू, तर त्याच्यापुढं परवानगीची भिंत. जंगल वाचवायचं म्हणून जंगलवाल्यालाच मशीन नाही, आणि ज्यानं जंगल खाल्लं त्याचं मशीन जुनं म्हणून चालू. हा कुठला न्याय?

मग वनहक्क कायदा आला, २००६ सालचा. त्यासाठी आपण मोर्चे काढले, मार खाल्ला. गौण वनउपजाची मालकी त्यानं दिली, आणि ती मोठी गोष्ट आहे, कमी लेखू नये. पण गौण वनउपज म्हणजे काय, ते कलम २ मध्ये बघा. इमारती लाकूड सोडून बाकीचं: बांबू, झुडुपं, खुंट, वेत, तसर, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी पाला, कंदमुळं. खुंट! झाड कापून नेल्यावर जमिनीत राहतो तो खुंट आपल्या मालकीचा. ओंडका सरकारचा, फळी गिरणीची, दिवाण सावकाराचा. आम्ही ही ओळ लोह्याला त्या पोराला वाचून दाखवली. त्यानं रुमालातला हात वर केला आणि म्हणाला, "माझ्याजवळ बी दोन खुंट हायेत."

आणि स्वतःच्या शेतातल्या सागाचं काय? आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीवर १९६९ चा वेगळा कायदा आहे. ठेकेदार दारू पाजून सबंध बांध लिहून घ्यायचे, ते थांबावं म्हणून विक्री सरकारी यंत्रणेमार्फत. हेतू चांगला. पण अर्ज, मोजणी, खुणा, तोड, वाहतूक, लिलाव, कपात, आणि मग उरलेले पैसे. आपल्यातल्या एका घरानं पोरीच्या लग्नासाठी अर्ज केला होता. पैसे हातात आले तेव्हा नात रांगत होती. असं झालं की माणूस कंटाळून पुन्हा ठेकेदाराच्याच दारात जातो. कायदा ज्याच्यापासून वाचवायला आला त्याच्याकडंच कायद्यानं ढकलत नेलं.

मग करायचं काय? मागच्या बैठकीत यावरून दोन तट पडले, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही तरुण म्हणाले, मशीन हाच शत्रू, ते गावात येऊच द्यायचं नाही. म्हातारे म्हणाले, आम्ही खड्ड्यातली करवत ओढलीय, आमच्या छातीत अजून भुसा आहे, ते दिवस परत नको. आम्हाला दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण पूर्ण कोणाचंच नाही. साखळी-करवत रानात नको, हे ठाम. ती माणसाला विचार करायला वेळच देत नाही. झाड पाडू की नको हे ठरेपर्यंत झाड पडलेलं असतं. पण पडलेलं झाड, हिशोबात तोडलेला बांबू, बांधावरचा साग, यांच्यावरचं काम गावातच व्हायला पाहिजे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं करून दाखवलंय. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथं येऊन बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तोवर तेच पुस्तक जंगलखात्याच्या कपाटात होतं. एक पुस्तक हललं आणि भाव ठरवणारा बदलला.

आणखी एक. २००८ च्या नियमांत वनउपजाच्या वाहतुकीला डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी एवढीच परवानगी होती. ठेकेदाराला ट्रक, आपल्याला डोकं. ६ सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीनं ते गेलं. आता वनउपजावर एकट्यानं किंवा मिळून प्रक्रिया करणं, साठवणं, त्याची किंमत वाढवणं, जंगलाबाहेर योग्य वाहनानं नेणं आणि विकणं, हे सगळं हक्कात आलंय. प्रक्रिया म्हणजे काय? बांबू फाडायचं, सोलायचं, पट्ट्या काढायचं मशीनसुद्धा प्रक्रियाच. नाकेदार आला तर त्याला हा नियम दाखवा, तोंडानं भांडू नका.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. बांबूवर आपला हक्क आहेच, त्याचं मशीन ग्रामसभेच्या मालकीनं बसवू. कोणा एका शहाण्याच्या नावावर नाही, आणि बचतगटाच्या नावाखाली पाटलाच्या गोठ्यातही नाही. सागासाठी शासनाकडं मागू: आपल्या हद्दीतल्या कुपात जी तोड होते तिच्यातलं लाकूड आधी गावाला लागेल तेवढं गावात चिरलं जावं, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला लहान आऱ्याची परवानगी मिळावी. मशीन आलं तर त्याच्यावर झाकण असेल. झाकण काढणाऱ्याला ग्रामसभा कामावरून काढेल, मग तो सरपंचाचा भाचा का असेना. किती ओंडके आले, किती गेले, हे देवळाच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं राहील, म्हणजे शाळेतलं पोरगंसुद्धा बेरीज तपासेल. आणि ओंडका नसेल त्या दिवशी मशीन बंद. मशीनला भूक लागली म्हणून रानात जायचं नाही.

हे शेवटचं कलम पाळणं सगळ्यात अवघड आहे. कर्ज काढून मशीन घेतलं तर ते पाळताच येणार नाही. म्हणून कर्जावर घ्यायचं नाही, अनुदान आलं तरी अटी वाचून मगच. दुकानदार हप्त्याचं गोड बोलेल. त्याला विचारा, बाकीचे नऊ काय करतेत.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं तीन याद्या आणायच्या. एक: आरागिरणीत, फर्निचरच्या दुकानात कामाला कोण कोण कुठं गेलंय, आणि कोणाला इजा झालीय, तारखेसकट. दोन: कुऱ्हाड, गाडी, बैल कोणाचे कधी जप्त झाले, पंचनामा असेल तर नक्कल, नसेल तर साक्षीदारांची नावं. तीन: गावात सुतारकाम जाणणारी किती माणसं उरलीत, आणि त्यांच्याकडं कुठली हत्यारं आहेत. पोराच्या भरपाईचा अर्ज लिहून तयार आहे. त्याची सही राहिली आहे. डाव्या हातानं सही करायला तो शिकतोय.